प्रतिसाद: पद्मश्रीपेक्षा त्या वस्तू जपणं महत्त्वाचं

पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय उभं करणाऱ्या दिनकर केळकरांना १९८०मध्ये पद्मश्री दिली, म्हणजे सरकारने त्यांचे आभार मानले, असं एका वाचकाने म्हटलंय. पद्मश्री योग्यच होती, पण माझ्या मते ती फक्त सुरुवात. चष्म्याचं दुकान सांभाळत, पदरमोड करून गावोगाव हिंडून त्यांनी जुन्या, रोजच्या वापरातल्या वस्तूंचा हा संग्रह जमवला. अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्याला दिलं आणि पुढे तो सगळाच्या सगळा महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला! पुण्यातल्या त्या दालनात पक्ष्यांच्या आकाराचे पितळी अडकित्ते आणि अंघोळीत अंग घासायच्या वज्र्या पाहताना मला माझी आजी आठवते. कुणाच्या तरी रोजच्या हातातल्या वस्तू या. त्या नीट जपा, मांडायला पुरेशी जागा द्या. केळकरांचे खरे आभार तेच.