बाबांच्या सिटीला जपानचा जुना बॉक्स बसवावा का?

प्रेषक: उदगीरकर, शारजा
विषय: जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, सल्ला हवा

मंडळी, नमस्कार.

विषय मंडळाच्या कामाचा नाही, पण मंडळाच्या या ईमेल यादीवर गाड्यांचे दर्दी बरेच आहेत म्हणून विचारतोय.

बाबांकडे उदगीरला २००६ ची होंडा सिटी झेडएक्स आहे, सीव्हीटीवाली, म्हणजे ठरावीक गिअर नसलेली ऑटोमॅटिक. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते क्लचची गाडी चालवत नाहीत, त्यामुळे ही गाडी विकून टाका म्हणायचीही सोय नाही. "हिच्यावर माझा हात बसलाय" हे एकच उत्तर. गेल्या काही महिन्यांपासून गाडी थांबून पुन्हा निघताना थरथरते. एकदा वेग घेतला की काही नाही, लातूरपर्यंत लोण्यासारखी जाते. गावातल्या एका गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग आणि गिअरचं तेल झालं होतं, त्यानंतर हे सुरू झालं असं आई म्हणते. बाबा म्हणतात आधीपासूनच होतं. मिस्त्रीचं म्हणणं, "बॉक्स गेलाय सर. पोराला तिकडून धाडायला सांगा, मी बसवून देतो."

इथे शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात जुन्या भागांची दुकानंच दुकानं आहेत. एकाकडे जपानहून आलेला, होंडाच्याच फिट गाडीचा सीव्हीटी बॉक्स पॅलेटवर ठेवलेला पाहिला. ४५ हजार किलोमीटर चाललेला, असं तो सांगतो. बाहेरून स्वच्छ आहे. फिट आणि सिटी एकच, असंही म्हणाला. ओळखीचं एक कुटुंब कायमचं परत चाललंय, त्यांच्या सामानाच्या कंटेनरमध्ये जागा आहे. घेऊन टाकू का?

---

प्रेषक: परभणीवाला, नागोया

४५ हजार हा आकडा त्याला कुणी सांगितला ते विचारा. किलोमीटर मीटरमध्ये असतात आणि मीटर डॅशबोर्डमध्ये. गाडीतून उतरवलेल्या बॉक्सवर ते कुठेच लिहिलेले नसतात.

जपानी मालाबद्दल एक गोष्ट सगळीकडे सांगतात: तिथली शाकेन तपासणी इतकी कडक, की लोक चार-पाच वर्षांतच गाड्या मोडीत काढतात. अर्धवट खरं आहे. नव्या खासगी कारला पहिली तपासणी तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. ती महाग पडते हे खरंच. तेरा वर्षं झाली की पेट्रोल कारचे करही वाढतात, तेव्हा पुष्कळ जण गाडी काढतात. पण जुनी गाडी तपासणीत पास होतच नाही असं काही नाही. माझ्या गल्लीत वीस वर्षांच्या गाड्या रोज कामाला जातात.

आणि हिशेब करून बघा. ती पहिली फिट २००१ ते २००७ मध्ये बनली. म्हणजे तिचा बॉक्स कितीही कमी चाललेला असला तरी वयाने तुमच्या बाबांच्या गाडीएवढाच. यार्डात कोरडा पडून राहिला असेल तर सील कडक झालेली असणार. जपानी विक्रेत्याकडे गाडी ज्या लिलावात घेतली तिथला तपासणी कागद असतो, त्यावर गाडीचा चेसिस नंबर आणि किलोमीटर असतात. शारजाच्या दुकानदाराकडे तो मागा. चेहरा कसा होतो ते कळवा.

फिट आणि सिटी एकच, हेही जपून घ्या. जपानी फिट १.३ लिटर आय-डीएसआय आणि १.५ लिटर व्हीटेक, दोन्ही इंजिनांत होती. बर्फाच्या भागासाठी फोरव्हील ड्राइव्ह फिटही होती, तिच्या बॉक्सचं कवचच वेगळं. तुमच्या बाबांची १.५ लिटर आय-डीएसआय. बॉक्सवर कोड ठोकलेला असतो. तो अक्षर न् अक्षर जुळला तरच पुढचं बोलायचं.

---

प्रेषक: मंडळ व्यवस्थापन

गाडीची चर्चा खुशाल चालू द्या, फक्त विषयाच्या ओळीत 'अवांतर' लिहा. गणपतीच्या वर्गणीचा मेल खाली गेलाय आणि तो कुणी वाचलेला दिसत नाही.

---

प्रेषक: वसमतकर, ओहायो
विषय: अवांतर: जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स

अमेरिकेत हा धंदा फार मोठा आहे, म्हणून थोडं लिहितो. इथे जपानी इंजिनं आणि बॉक्स आणून विकणारे शेकड्याने आहेत. मी माझ्या जुन्या गाडीला असा बॉक्स घेतला आणि तो अजून चालतोय, त्यामुळे माझा सरसकट विरोध नाही. पण वॉरंटी म्हणून जे मिळतं ते नीट वाचा. बॉक्स खराब निघाला तर बॉक्स बदलून देतात, उतरवण्या-चढवण्याची मजुरी देत नाहीत. इथे मजुरी बॉक्सच्या किमतीइतकी जाते, कधी त्याहून जास्त. तुमच्या बाबतीत तर खराब माल उदगीरहून शारजाला परत पाठवायचा. म्हणजे वॉरंटी नाहीच असं धरा.

दुसरं असं की जुना बॉक्स आणला तर त्या डिझाइनची खोडही सोबत येते. होंडानेच एप्रिल २००४ मध्ये अमेरिकेत सुमारे ११ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या, पाच गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये दुसरा गिअर तापतो म्हणून. व्ही-६ ॲकॉर्ड, ओडिसी, पायलट त्यात होत्या. आता अशा गाडीला त्याच काळातला वापरलेला बॉक्स कुणी जपानहून आणला, तर आतमध्ये सुधारणा झालेली आहे की नाही हे पाहिल्याशिवाय पैसे कशाचे दिले? तुमची सीव्हीटी यात नव्हती. मुद्दा एवढाच की 'कमी चाललेला' आणि 'चांगला' यात फरक आहे.

घ्यायचाच ठरला तर दुकानात हे बघा. तळाचा ड्रेन बोल्ट काढायला लावा. त्याच्या चुंबकावर काळपट बारीक लगदा असतोच, त्याला घाबरू नका. चकचकीत कण किंवा कपची दिसली तर नमस्कार करून निघा. उरलेल्या तेलाला जळका वास आहे का ते बघा. वायरिंगचे सॉकेट तुटलेत का, कवचाचा एखादा कान मोडलाय का तेही. यार्डात फोर्कलिफ्टवाले बॉक्स कसे टाकतात ते मी पाहिलंय! बसवताना ॲक्सलची आणि पुढची सील नवीनच घाला, बॉक्स बाहेर असताना ते स्वस्तात होतं. आणि तेलाचा कूलर धुतल्याशिवाय नवा बॉक्स जोडू देऊ नका. जुन्याचा चुरा कूलरमध्ये बसलेला असतो, तो पहिल्याच दिवशी नव्यात जातो. बदललेला बॉक्स लगेच गेला अशा तक्रारींत हे कारण बऱ्याचदा निघतं.

---

प्रेषक: काका, छत्रपती संभाजीनगर
विषय: अवांतर: जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स

उदगीरकर,

मी वाळूजला गाड्यांच्या सुट्या भागांतच आयुष्य काढलं, म्हणून राहवत नाही. बॉक्स कुठून आणायचा यावर दोघांनी लिहिलं, छान लिहिलं. पण बॉक्स गेलाय हे ठरवलं कुणी? मिस्त्रीने गाडी चालवून पाहिली, की ऐकून सांगितलं?

तुझ्याच मेलमधल्या दोन गोष्टी बघ. थरथर फक्त उभ्या गाडीतून निघताना. आणि त्याआधी तेल बदललेलं. तुझी आई बरोबर म्हणतेय असं मला वाटतं.

या सिटीत नेहमीच्या ऑटोमॅटिकसारखा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरकडे नेणारा भाग) नाही. दोन पुल्या आणि त्यांवर पोलादी पट्टा. गाडी जागची हलवायचं काम वेगळा स्टार्ट क्लच करतो, तोही तेलात बुडालेला. निघताना तो थोडा घसरत घसरत पकडतो आणि ते घसरणं सगळं तेलाच्या गुणावर चालतं. त्याला होंडाचं सीव्हीटीचंच तेल लागतं. तालुक्याच्या गॅरेजात 'ऑटोमॅटिक आहे ना' म्हणून लाल रंगाचं साधं एटीएफ, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिकचं तेल ओततात. ते पडलं की क्लच पकडतो-सोडतो, पकडतो-सोडतो, आणि आत बसलेल्या माणसाला गाडी थरथरल्यासारखी वाटते. पट्टा किंवा पुल्या गेल्या असत्या तर चालत्या गाडीत, चढावर, वेग घेताना त्रास झाला असता. लातूरपर्यंत लोण्यासारखी गेली नसती.

तेव्हा पहिलं काम, त्या सर्व्हिसिंगचं बिल शोधायला सांग. तेलाचं नाव लिहिलेलं असलं तर ठीक, नसलं तर चुकीचंच पडलं असं धर. एकदा काढून-भरून भागत नाही. बोल्ट उघडला की तीन लिटरच्या आसपास तेल निघतं, बाकीचं आतच राहतं. म्हणून भरायचं, थोडे दिवस चालवायचं, पुन्हा काढायचं. निदान दोन-तीन फेऱ्या. पातळी गरम गाडी बंद केल्यावर लगेच डिपस्टिकने बघायची, थंड गाडीत बघून वरून ओतायची नाही.

दुसरं, आणि हे उदगीरच्या मिस्त्रीने केलं नसणार याची मला जवळजवळ खात्री आहे: प्लग. या आय-डीएसआय इंजिनाला चार सिलिंडरला आठ स्पार्क प्लग आहेत. पुढचे चार हाताला येतात. मागचे चार काचेच्या बाजूला दडलेत, तिथे पोचायला वायपरखालचं कव्हर काढावं लागतं. त्यामुळे बिलात आठ आणि गाडीत चार नवे, असा प्रकार सर्रास चालतो. मागचा एखादा प्लग किंवा कॉइल मेली की गाडी निघतानाच हिसके देते आणि खापर बॉक्सवर फुटतं. इंजिनाचे माउंटही बघायला सांग. वीस वर्षांत रबर राहत नाही, मराठवाड्याच्या उन्हात तर नाहीच.

तिसरं, डॅशबोर्डवरचा 'डी' दिवा लुकलुकतो का? लुकलुकत असेल तर कॉम्प्युटरने दोष नोंदवलाय. स्कॅनर लावून कोड वाचायचा, अंदाजाने काही उघडायचं नाही. स्टार्ट क्लच किंवा बॉक्स बदलला तर त्या क्लचचं कॅलिब्रेशन, म्हणजे तो कुठे आणि किती पकडतो हे कॉम्प्युटरला नव्याने शिकवावं लागतं. "मी बसवून देतो" म्हणणाऱ्याला एवढंच विचार, कॅलिब्रेशन कशावर करणार? तो गप्प बसला तर नवाकोरा बॉक्स आणलास तरी थरथर राहणार.

बाबांच्या सवयीही विचार. गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे दहाच्या वेगाने तासभर रांगणं, चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवणं, हे त्या क्लचला फार वाईट. (त्यांना हे तू सांगू नकोस, मी फोनवर सांगीन. पोराचं ऐकून घेतलं जात नाही.)

एवढं करूनही राहिलं तर स्टार्ट क्लच उघडून बदलता येतो, सबंध बॉक्स टाकायची गरज नाही. फक्त ऑटोमॅटिकचं काम करणारा माणूस हवा. इथे आहेत, पुण्यात आहेत, पण तुम्हाला हैदराबाद जवळ, बिदर-जहीराबादवरून. गाडी पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढत नेऊ नका, फ्लॅटबेडवर, म्हणजे सबंध गाडी ट्रकवर चढवून न्या.

आणि बॉक्सच लागला, तरी शारजाहून कशाला? हीच सिटी सीव्हीटी आपल्याकडे विकली गेली. अपघातात टोटल लॉस झालेल्या गाडीचा बॉक्स मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा दिल्लीत मायापुरीला मिळू शकतो, आणि तो भारतातल्याच मॉडेलचा असतो. कोड जुळण्याची भानगड निम्मी संपते. मूळ गाडीचा चेसिस नंबर आणि जीएसटीचं बिल घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. चोरीच्या गाड्याही याच बाजारात सुट्या होतात.

कंटेनरची कल्पना मात्र डोक्यातून काढ. यंत्रसामग्री सोडून इतर जुन्या वस्तूंची आयात आपल्याकडे प्रतिबंधित वर्गात येते, डीजीएफटीचा, म्हणजे परकीय व्यापार महासंचालनालयाचा परवाना लागतो. परत येणाऱ्या कुटुंबाच्या घरसामानात गाडीचा गिअरबॉक्स निघाला तर कस्टम त्यांचा सगळा कंटेनर अडवून ठेवील. ज्यांनी तुला जागा दिली त्यांचीच भांडी-गाद्या बंदरात पडतील.

जाता जाता खर्चाचं. २००६ ची गाडी म्हणजे २०२१ ला नोंदणीचं नूतनीकरण झालं असेल, ते पाच वर्षांचं. वीस वर्षांवरच्या कारला ही फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झालीय, ग्रीन टॅक्स वेगळा. नोंदणी पुढे न्यायची की नाही हे बाबांशी आधी बोल, बॉक्सचं नंतर.

---

प्रेषक: परभणीवाला, नागोया

काका, हे सगळं आधी लिहिलं असतं तर माझा शाकेनचा निबंध लिहायचा वाचला असता!

---

प्रेषक: उदगीरकर, शारजा
विषय: अवांतर: जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स

काका, बिल सापडलं. त्यावर फक्त 'गिअर ऑइल' एवढंच लिहिलंय, नाव नाही. आईने बाबांना ते दाखवलं आणि आता घरात आमच्या बॉक्सपेक्षा त्याचीच चर्चा जास्त आहे.

लातूरहून दुसरा मिस्त्री बोलावला. 'डी' दिवा लुकलुकत नाही. मागचे चार प्लग काढले, ते मूळ गाडीसोबत आलेले असावेत असं तो म्हणाला, त्यांचे फोटो सोबत जोडलेत. आठही नवीन घातल्यावर गरम गाडीतली थरथर बरीच कमी झाली. सकाळी पहिल्यांदा निघताना मात्र आहेच. म्हणजे तेलाचं राहिलंय. कंपनीचं तेल उदगीरला मिळत नाही, लातूरला मागवून देतो म्हणालेत पण चार लिटरच. तुमच्या हिशेबाने निदान नऊ-दहा लिटर लागेल.

नोंदणी पुढे न्यायची असं बाबांचं ठाम आहे, त्यावर बोलणं झालं. कंटेनरवाल्यांना नाही म्हणून सांगितलं. शारजाच्या दुकानदाराला लिलावाचा कागद मागितला. तो म्हणाला, "कागद का क्या करोगे, माल देखो," आणि किंमत लगेच कमी केली.

पुढच्या महिन्यात संभाजीनगरहून लातूरकडे कुणी जाणार असेल तर सांगा. काका तेल घेऊन ठेवतो म्हणालेत, तिथून उचलून लातूरला माझ्या मामांकडे ठेवलं तरी चालेल. आणि व्यवस्थापन, वर्गणी पाठवली आहे.