गॅस आला, पण बंब आणि चूल गेली का?

‘उज्ज्वलाचा गॅस घरोघरी पोहोचला, आता स्वयंपाकघरातल्या धुराचा प्रश्न संपला’ असं मत बरेचदा ऐकू येतं, त्याच्याशी मी सहमत नाही. आमच्या जळगाव जिल्ह्यात सिलिंडर आहे, पण चहा-भाजीपुरता. कळण्याच्या भाकरी चुलीवर, आंघोळीचं पाणी बंबावर. कपाशी उपटली की काड्यांचा ढीग दारातच असतो, फुकटचं जळण. मग सिलिंडर कोण संपवेल?

माझ्या मोठ्या मायने कधी विडी-तंबाखूला हात लावला नाही. तरी साठीत दम लागायला लागला. निदान झालं सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होत जाणारा फुप्फुसाचा आजार. पहिली कितीतरी वर्षं आम्ही तो दमाच समजत होतो, याचं आजही वाईट वाटतं. पत्र्याचं बुटकं स्वयंपाकघर, एक झरोका, आणि चाळीस वर्षं फुंकणीने फुंकलेली चूल. धुरातले अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, काही रक्तातही उतरतात. म्हणून हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोकाही वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० मध्ये घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले.

शेतात काड्यांवर वांगी भाजून भरीत करा, खुशाल करा. तिथे धूर मोकळा उडतो. पण रोजची चूल पडवीत किंवा अंगणात आणा, काड्या पूर्ण वाळवूनच जाळा, तान्ह्या बाळाला चुलीजवळ घेऊन बसू नका.

आणि रात्री दारं-खिडक्या लावून डासांची कॉइल पेटवता ना? तोही धूरच. मच्छरदाणी लावा.