कुंकू मधले काकासाहेब – केशवराव दाते यांच्याबद्दल सांगा ना कोणीतरी

लिंबलोण:
परवा रात्री झोप येईना म्हणून यूट्यूबवर कुंकू हा जुना मराठी सिनेमा लावला, म्हटलं दहा मिनिटं बघू आणि बंद करू, तर पहाटे दोनला संपवूनच उठले. त्यात नीराचं काम करणाऱ्या शांता आपटेंबद्दल ऐकून होते, त्यांचं कौतुक सगळेच करतात आणि आहेच ते काम तसं. पण माझ्या डोक्यातून जात नाहीये तो म्हातारा नवरा, काकासाहेब. सुरुवातीला इतका राग आला त्या माणसाचा, की घरात वयात आलेली मुलं असताना ह्या वयात लग्न, तेही त्या पोरीला, नीराला, फसवून. आणि शेवटी ते पत्र लिहितो तिथे मी रडत होते, आणि ते नीरासाठी नव्हतं, त्याच्यासाठी होतं. हे कसं झालं माझं मलाच कळलं नाही.

सकाळी आजीला फोन केला तर ती लगेच म्हणाली, अगं ते केशवराव दाते, मोठे नट होते नाटकातले. त्यापुढे तिला फारसं आठवेना. नेटवर शोधलं तर तीनचार ओळींच्या वर काही मिळत नाही, आणि एका ठिकाणी तर त्यांच्या नावाखाली फोटो कोल्हापूरच्या नाट्यगृहाचा लावलाय. जाणकारांनी प्लीज लिहा. कुठले, नाटकात काय केलं, सिनेमात कसे आले, आणि कुंकू नंतर त्यांचं काय बघू?

पिटातला प्रेक्षक:
फार बरं वाटलं हा धागा बघून, दात्यांवर कोणी विचारतच नाही हल्ली. आठवतं तसं लिहितो.

जन्म १८८९ चा, रत्नागिरी जिल्ह्यातलं आडिवरे. १९०७ च्या सुमारास ते महाराष्ट्र नाटक मंडळीत आले आणि ही गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी कारण पुढचं सगळं त्यातून येतं. तो काळ संगीत नाटकाचा. लोक गाणं ऐकायला नाटकाला जायचे, एकेका पदाला चार चार वन्स मोअर, आणि गळा असलेला नट म्हणजे देव. अशा वेळी महाराष्ट्र नाटक मंडळी ही गद्य नाटकं करणारी कंपनी. पेटी नाही, तबला नाही, नटाकडे फक्त वाक्य आणि चेहरा. खाडिलकरांचं कीचकवध ह्यांनीच रंगभूमीवर आणलं, १९०७ साली, आणि ते गद्य नाटक एवढं चाललं की सरकार घाबरलं. कीचक म्हणजे व्हाइसरॉय कर्झन आणि द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान हे पिटातल्या माणसालाही कोणी समजावून द्यावं लागत नव्हतं. १९१० मध्ये बंदी आली. बोललेल्या शब्दात किती ताकद असते हे तिथल्या नटांनी असं स्वतः बघितलेलं.

तेव्हा माईक नव्हते हे पण लक्षात घ्या. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज न्यायचा तर बेंबीच्या देठापासून बोलावं लागायचं, आणि म्हणून बहुतेक नट ओरडायचे, पल्लेदार वाक्य घ्यायचे, टाळीच्या जागेवर थांबायचे. दात्यांचं वेगळेपण असं सांगतात की ते माणसासारखे बोलायचे. माझ्या आजोबांनी त्यांना रंगमंचावर पाहिलेलं. ते म्हणायचे की बाकीचे नट वाक्य आपल्याला ऐकवायचे आणि दाते समोरच्या पात्राला ऐकवायचे, आपण आपलं मधे कान देऊन ऐकायचं. लहानपणी मला ह्याचा अर्थ कळायचा नाही, कुंकू बघितल्यावर कळला.

मग १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर, ही नवी नाट्यसंस्था. श्री. वि. वर्तकांचं आंधळ्यांची शाळा, १ जुलै १९३३ चा पहिला प्रयोग. नॉर्वेचा ब्यर्नसन म्हणून नाटककार, त्याच्या नाटकावरून घेतलेलं. बायकांची कामं बायकांनीच करायची, स्वगतं आणि जनांतिकं (शेजारच्या पात्राला ऐकू गेलं नाही असं धरून बोललेली वाक्यं) काढून टाकायची, घरातल्या खोलीसारखी खोली स्टेजवर उभी करायची. आज हे वाचताना काहीच वाटणार नाही, तेव्हा हा मोठा धक्का होता. त्या मंडळींत बरेचसे तरुण, शिकलेले, नव्या विचाराचे, आणि त्यांच्यात हा चव्वेचाळिशीचा, जुन्या पद्धतीच्या नाटकांत पंचवीस वर्षं काढलेला नट. माझ्या मते दात्यांच्या आयुष्यातली सगळ्यात धाडसाची गोष्ट हीच. जमलेलं नाव, जमलेली पद्धत असताना त्या वयात पोरांबरोबर नव्याने शिकायला बसणं सोपं नसतं हो.

पुढच्याच वर्षी प्रभात, म्हणजे कुंकू काढणारी सिनेमा कंपनी. ते दुसरं कोणीतरी लिहा, मला जेवायला हाका मारतायत.

कोकणकडा:
लिंबलोण ताई, तो फोटोचा घोळ कसा झाला असेल ते सांगतो, कारण हा घोळ मी पण वर्षानुवर्षं केलाय. त्या पिढीत केशवराव फार आहेत.

कोल्हापूरचं नाट्यगृह आहे ते केशवराव भोसले यांच्या नावाचं, ललितकलादर्श नाटक कंपनीवाले, गायक नट, १९२१ मध्येच गेले, ते सिनेमात असण्याचा प्रश्नच नाही. केशवराव भोळे म्हणजे संगीतकार, कुंकू चं संगीत त्यांचं, संत तुकाराम चं पण त्यांचंच, ज्योत्स्नाबाई भोळे त्यांच्या पत्नी. केशवराव धायबर म्हणजे प्रभातच्या पाच मालकांपैकी एक, कॅमेरामन. आणि आपले केशवराव दाते, नट.

गंमत म्हणजे ह्यातले तिघं एकाच सिनेमात आहेत. अमृतमंथन, १९३४, प्रभात कोल्हापूरहून पुण्याला आल्यावरचा पहिला सिनेमा. कॅमेरा धायबर, संगीत भोळे, आणि मराठीत राजगुरूच्या कामात दाते. हिंदीतला राजगुरू चंद्रमोहन. त्या चंद्रमोहनचे डोळे इतके गाजले, एक डोळा पडदाभर दाखवलाय त्यात, की मराठी राजगुरू कोण होता हे लोक विसरूनच गेले. प्रभात तेव्हा मराठी आणि हिंदी दोन्ही एकाच सेटवर करायची, कधी नट तेच तर कधी वेगळे. म्हणून दात्यांच्या बाबतीत कुठला सिनेमा कुठल्या भाषेत बघायचा ते आधी बघून घ्या, नाहीतर अख्खा सिनेमा संपेल आणि ते येणारच नाहीत.

तिसरी घंटा:
मी हौशी नाटकवाली आहे, एकांकिका स्पर्धा वगैरे, त्यामुळे माझं उत्तर अभ्यासकाचं नाही पण कुंकू बद्दल मला लिहायचंच आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका एकांकिकेत साठीचा वकील होता. काम करणारा मुलगा चोवीस वर्षांचा. तालमीत तो पहिल्या दिवसापासून कमरेत वाकायला लागला, हात थरथरवायला लागला, आवाज चिरका केला, जसं सगळेच करतात. आमचे दिग्दर्शक काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप आणला, कुंकू लावला, आणि आवाज पूर्ण बंद केला. म्हणाले अर्धा तास फक्त काकासाहेबांची पाठ बघा. पाठ! आम्ही बसलो बघत. आणि मग दिसायला लागलं की हा माणूस वाकतच नाही. घरातला कर्ता, नाव कमावलेला वकील, तो कशाला वाकेल? उलट नीरा समोर आली की तो जास्तच ताठ होतो, खांदे मागे, मान वर, आणि ती गेली की ते खांदे उतरतात. म्हातारपण तिथे आहे, त्या उतरलेल्या खांद्यात. तरुण दिसायची धडपड करणारा माणूस दाखवला की म्हातारा आपोआप दिसतो, म्हातारा दाखवायला लागत नाही. आमच्या त्या पोराने दुसऱ्या दिवसापासून वाकणं सोडलं.

आणि दाते स्वतः तेव्हा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसचे होते! सिनेमा १९३७ चा आहे.

दुसरं म्हणजे ह्या सिनेमात पार्श्वसंगीत नाही. गाणी आहेत, पण प्रसंगाखाली वाजणारं संगीत ठेवलंच नाही, जे काही ऐकू येतं ते घरातलं नाहीतर रस्त्यावरचं. म्हणजे दुःख झालं की सारंगी आणि राग आला की ढोल अशी नटाला कुठलीच मदत नाही. मिशांना कलप लावणारे काकासाहेब, घड्याळाकडे बघणारे काकासाहेब, आरशातल्या स्वतःला सामोरे जाणारे काकासाहेब, हे सगळं त्या माणसाने शांततेत पेललंय. मला नेहमी वाटतं की हे गद्य नाटकात वाढलेल्या नटालाच जमलं असतं. वर पिटातला प्रेक्षक दादांनी लिहिलंय ना पेटी नाही तबला नाही, तेच इथे कामाला आलं. तीस वर्षांनी.

आणि तू विचारलंस की राग येता येता रडू कसं आलं, तर मी हे बऱ्याचदा रिवाइंड करून बघितलंय. दात्यांनी काकासाहेबांना कुठेही दुष्ट केलेलं नाही. दुष्ट नवरा असता तर नीराचं काम सोपं झालं असतं आणि आपलंही. ह्या माणसाला खरंच वाटतं की आपण काही वाईट केलेलं नाही, सगळे करतात तेच केलं, आणि मग हळूहळू त्याला कळायला लागतं. कळत जाणं हा अभिनयातला सगळ्यात अवघड प्रकार आहे, कारण त्यात करायला काहीच नसतं. तिथे वाक्य मदतीला येत नाही, हातवारे मदतीला येत नाहीत.

शकुंतला परांजपे विधवा मुलगी आहे त्यात, तिचे आणि बापाचे सीन पण परत बघ.

पिटातला प्रेक्षक:
तिसरी घंटा, पाठीचं एकदम पटलं. मी एवढ्या वेळा पाहिलाय पण असं पाहिलं नव्हतं.

पुढे काय बघायचं ते राहिलं होतं. माझं मत विचाराल तर थेट शेजारी, १९४१. दोन म्हातारे मित्र, एक पाटील एक मिर्झा, बुद्धिबळ खेळणारे, आणि धरणाच्या कामावरून गावात फूट पडते ती ह्यांच्या अंगणापर्यंत येते. लख लख चंदेरी गाणं सगळ्यांना माहीत असतं, ते ह्यातलंच. ह्या सिनेमाबद्दल एक गोष्ट सगळीकडे फिरते की हिंदू नटाने मुसलमान आणि मुसलमान नटाने हिंदू केलाय. ते हिंदीच्या पडोसी बद्दल खरं आहे, तिथे मजहर खानने हिंदू केला आणि गजानन जहागीरदारांनी मिर्झा. मराठीत जहागीरदार मिर्झाच आहेत, पण पाटील आहेत दाते. म्हणून शेजारीच बघा.

जहागीरदार पण ताकदीचे नट, आणि दोघांच्या अभिनयाची जात वेगळी. जहागीरदार सीनमध्ये आले की दिसतात, दाते सीनमध्ये असतात. दोघं पटासमोर बसलेत तेव्हा एकाची खेळी चालू असताना दुसऱ्याकडे बघा. भांडण झाल्यावर तर बोलणं बंदच, मग सगळं न बोलण्यात चाललंय. शेवट सांगत नाही, पण धरणावरचा शेवट बघताना जवळ कोणीतरी असू द्या.

शांतारामबापूंनी (व्ही. शांताराम, कुंकू चे दिग्दर्शक) प्रभात सोडून राजकमल ही स्वतःची कंपनी काढली तेव्हा दातेही तिकडे गेले. तिथे त्यांनी दिग्दर्शन पण केलं, भक्तीचा मळा १९४४ मध्ये, त्यात मास्टर कृष्णराव सावता माळी झाले होते. दिग्दर्शक म्हणून मला ते फार मोठे वाटत नाहीत, खरं सांगायचं तर. डॉ. कोटणीस की अमर कहानी मध्ये ते कोटणिसांचे वडील आहेत, सोलापूरचं घर, मुलगा चीनला निघालाय. काम छोटं आहे, पण चुकवू नका.

कोकणकडा:
झनक झनक पायल बाजे राहिला! १९५५. त्यातले मंगल महाराज, म्हणजे सिनेमात नायक गोपीकृष्णचे वडील आणि नाचातले गुरू, तेच दाते. सगळे रंग आणि नाच बघायला जातात पण त्या कडक गुरूमुळे सिनेमाला कणा आहे. सासष्ट वर्षांचे असतील तेव्हा. बोलपटाला सुरुवात केली तेव्हाच चाळिशी उलटलेली, आणि पुढे पंचवीसेक वर्षं हा माणूस बाप, गुरू, नवरा, पाटील करत राहिला, हिरो एकदाही नाही. गाणारे नट हिरो होत होते त्या काळात न गाता टिकला. १९७१ ला गेले.

लिंबलोण:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. कुंकू परत लावला आणि अर्धा तास आवाज बंद ठेवून पाठ बघितली. तिसरी घंटा ताई, अगदी खरं आहे ते. शेजारी रविवारी बाबांबरोबर बघणार आहे.

आणि एक सांगायचं होतं. तुमचं सगळं आजीला फोनवर वाचून दाखवलं तर तिला एकदम आठवलं. तिने कुंकू पाहिला तो तिच्या आईबरोबर, मॅटिनीला, जुना सिनेमा परत लागला होता तेव्हा, आजी शाळेत होती. माझी पणजी बिजवराला दिलेली, नवरा तिच्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठा, हे मला आजपर्यंत माहीतच नव्हतं. सिनेमा सुटल्यावर ती घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. आजीला वाटलं आता नीराबद्दल काहीतरी बोलेल. दारात चप्पल काढताना पणजी एवढंच म्हणाली, "माणूस वाईट नव्हता गं तो." आणि चुलीकडे गेली.