तुमचा २०२४ चा बास्केटबॉल : अनुभव लिहा

मंडळी, २०२४ हे साल बास्केटबॉलवेड्यांसाठी भरगच्च गेलं. एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या कॉलेज संघांच्या अंतिम लढती, मेमध्ये बर्लिनला युरोपातल्या क्लबांची युरोलीग, जूनमध्ये अमेरिकेतली व्यावसायिक लीग एनबीए, जुलै-ऑगस्टमध्ये लिल आणि पॅरिसला ऑलिम्पिक, त्यापाठोपाठ पॅरालिम्पिक, आणि ऑक्टोबरमध्ये ब्रुकलिनला डब्ल्यूएनबीएचा, म्हणजे महिलांच्या व्यावसायिक लीगचा शेवट. कोण जिंकलं ते कुठेही वाचायला मिळेल. इथे मला तुमच्याकडून दुसरंच हवंय. एखादा शॉट, एखादी शिट्टी, एखादा हुकलेला फ्री थ्रो, जो अजून तुमच्या डोक्यातून जात नाही, त्याबद्दल लिहा. हरलेल्या संघांबद्दल तर जरूर लिहा. त्या सालातला सगळ्यात मोठा खेळ हरलेल्यांनी केला असं माझं ठाम मत आहे, आणि पदकतक्त्यात तो कुठेच दिसत नाही. लिहिताना हात आखडता घेऊ नका.

* * *

धागा काढल्याबद्दल आभार. माझा सामना अर्थातच ११ ऑगस्टचा, ऑलिम्पिकमधली महिलांची अंतिम लढत, अमेरिका विरुद्ध फ्रान्स. मी बेर्सी अरेनात होते, फार वरच्या रांगेत. पॅरिस ऑलिम्पिकचं शेवटचं सुवर्णपदक या सामन्यात ठरणार होतं.

अमेरिकेच्या मुली जिंकणार हे सगळे धरूनच चालले होते. १९९२ नंतर त्या ऑलिम्पिकमध्ये एकही सामना हरलेल्या नव्हत्या. पण मध्यंतराला फलक होता २५-२५. पंचवीस! अमेरिकेचा हा संघ एरवी एका क्वार्टरमध्ये तेवढे गुण काढतो. फ्रेंच मुली प्रत्येक पासमध्ये हात घालत होत्या, रिंगखाली एकीच्या अंगावर दोघी जात होत्या. तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला फ्रान्स दहा गुणांनी पुढे गेलं, तेव्हा आजूबाजूला कोणीच खुर्चीवर बसलेलं नव्हतं.

मग अमेरिकेची एजा विल्सन. तिचे २१ गुण आणि १३ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) सगळ्यांनी वाचले असतील, पण मला आठवतात ते तिचे ब्लॉक. फ्रान्सची लय जमतेय असं वाटलं की तिचा हात मध्ये यायचा. शेवटच्या काही सेकंदांत अमेरिकेच्या कालिया कॉपरने दोन्ही फ्री थ्रो घातले आणि ६७-६४ झालं. फ्रान्सकडे एकच शॉट उरला. गॅबी विल्यम्सने धावत येऊन चेंडू फेकला, बझर वाजला, चेंडू बोर्डाला लागून आत गेला. अख्खं अरेना किंचाळलं. माझ्या शेजारच्या अनोळखी बाईने मला मिठी मारली. बरोबरी झाली, आता जादा वेळ, असंच सगळ्यांना वाटलं.

पंचांची दोन बोटं वर होती. तिचा पाय तीन गुणांच्या रेषेवर होता. ६७-६६.

अमेरिकेचं ते सलग आठवं सुवर्ण आणि सलग ६१ वा विजय. डायना टॉरासीचं सहावं सुवर्णपदक. हे सगळं थोर आहे, मला त्याचा आदर आहे. तरी मी त्या दिवशी पाहिलेला सर्वोत्तम संघ निळ्या जर्सीतला होता.

* * *

वरच्या अनुभवाला जोडून थोडं. मी स्पर्धांमध्ये स्कोअरर म्हणून टेबलवर बसतो, त्यामुळे तो शेवटचा शॉट पाहताना माझी नजर आपोआप पायांवर गेली. आमच्या कामात सवयच ती. आंतरराष्ट्रीय नियमात तीन गुणांची रेषा रिंगपासून ६.७५ मीटरवर असते, रेषेची रुंदी ५ सेंटीमीटर, आणि ती रेषा स्वतः दोन गुणांच्या भागात मोजली जाते. उडी घेताना बुटाचं टोक जरी रेषेला टेकलेलं असेल तरी दोनच गुण. चेंडू सुटल्यावर खेळाडू कुठे पडते याला महत्त्व नाही. विल्यम्स वेगात येत होती. एवढ्या वेगात पाय कुठे पडतोय हे बघायला कोणालाही सवड मिळत नाही. तो शॉट गेला हेच अचाट होतं.

* * *

किती जणांनी हे जोडून पाहिलंय कोण जाणे, पण पॅरिसमध्ये एका गुणाने जिंकलेल्या त्या अमेरिकन संघाच्या प्रशिक्षक होत्या शेरिल रीव्ह. आणि ऑक्टोबरच्या २० तारखेला डब्ल्यूएनबीएच्या पाचव्या, निर्णायक सामन्यात न्यूयॉर्क लिबर्टीकडून हरलेल्या मिनेसोटा लिंक्सच्या प्रशिक्षकही त्याच. स्कोअर ६७-६२. दोन्ही वेळा जिंकणाऱ्याचे गुण ६७! ऑगस्टमध्ये ज्या नफीसा कॉलियर आणि ब्रियाना स्टुअर्ट एका जर्सीत सुवर्ण घेत होत्या, त्याच ऑक्टोबरमध्ये एकमेकींच्या अंगावर धावत होत्या.

मी लिंक्सची. पहिल्या सामन्यात लिबर्टी १८ गुणांनी पुढे होती. तिथून लिंक्सनी तो सामना जादा वेळेत ९५-९३ असा खेचला. आमच्या कोर्टनी विल्यम्सने थ्री (तीन गुणांचा शॉट) मारला, वर फाउल मिळवून चौथा गुणही घेतला, तेव्हा मी घरच्यांना झोपेतून उठवलं. तिसऱ्या सामन्यात लिबर्टीच्या सबरीना आयोनेस्कूने रेषेच्या कितीतरी मागून मारलेल्या थ्रीने आमचा घास काढून घेतला, ८०-७७. दुखलं, पण टाळ्या वाजवाव्या असाच तो शॉट होता.

पाचव्या सामन्यात पाच सेकंद उरलेले असताना आम्ही दोन गुणांनी पुढे होतो. लिबर्टीच्या स्टुअर्टच्या शॉटवर आमच्या अलाना स्मिथला फाउल दिला गेला. रीव्हनी चॅलेंज घेतलं, म्हणजे पंचांच्या निर्णयाला आव्हान दिलं, रिप्ले तपासला, फाउल कायम राहिला. स्टुअर्टने दोन्ही फ्री थ्रो घातले, ६०-६०. एवढ्या संपर्कावर अशा क्षणी शिट्टी वाजू नये असं मला वाटतं आणि ते मी बदलणार नाही. मात्र जादा वेळेतल्या पाच मिनिटांत आम्हाला जेमतेम दोन गुण मिळाले, हेही तितकंच खरं.

आणि लिबर्टीबद्दल हे लिहिलंच पाहिजे. त्या रात्री आयोनेस्कूचे १९ पैकी १८ शॉट चुकले, तरी त्या जिंकल्या. लेओनी फिबिश आणि न्यारा साबाली या दोघी जर्मन मुलींनी प्रत्येकी १३ गुण काढले, आणि जादा वेळेची सुरुवात त्यांनीच फिरवली. मालिकेची सर्वोत्तम खेळाडू बहामाची जाँक्वेल जोन्स. १९९७ पासून खेळणारा, आधी पाच अंतिम मालिका हरलेला संघ. त्यांच्या चाहत्यांना रडताना पाहून मला राग धरून ठेवता आला नाही.

* * *

वाचतोय. ऑलिम्पिकमधल्या पुरुषांच्या अंतिम सामन्याबद्दल अजून कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. तीन मिनिटं बाकी, अमेरिका ८२, फ्रान्स ७९, फ्रान्सचा वेम्बन्यामा सुसाट. मग अमेरिकेच्या स्टेफ करीचे एकापाठोपाठ चार थ्री. शेवटचा तर फ्रान्सच्या बातूम आणि फोर्निए दोघांच्या हातांवरून. ९८-८७. त्याचे २४ गुण म्हणजे आठ थ्री, बाकी काहीच नाही. मी स्वतः शूटिंगचा सराव करतो. पाय जमिनीवर नीट रोवलेले नसताना मनगट इतकं शांत कसं राहतं, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

* * *

माझ्यासाठी हे साल दक्षिण सुदानचं. २०११ मध्ये स्वतंत्र झालेला देश. बास्केटबॉल संघटना चालवायला एनबीएत खेळून आलेला लुओल डेंग, प्रशिक्षक रॉयल आयव्ही. खेळाडूंपैकी कितीतरी जण लहानपणी युद्धामुळे देशाबाहेर पडलेल्या घरांतले.

२० जुलैला लंडनमध्ये सरावाच्या सामन्यात त्यांनी अमेरिकेला जवळजवळ हरवलंच होतं. अमेरिकेच्या लेब्रॉन जेम्सने आठ सेकंद उरलेले असताना लेअप (रिंगजवळून टाकलेला शॉट) घातला म्हणून १०१-१००. सरावाचा सामना म्हणून मी अर्धवट लक्ष देत बसले होते. मध्यंतरानंतर जागची हलले नाही.

मग २८ जुलैला लिलमध्ये त्यांचा ऑलिम्पिकमधला पहिलाच सामना, पोर्टो रिकोशी. राष्ट्रगीताला सगळे उभे राहिले आणि वाजलं सुदानचं राष्ट्रगीत. ज्या देशापासून ते वेगळे झाले त्याचं. प्रेक्षकांच्या लक्षात आलं, सूर थांबला. खेळाडू तसेच ओळीत उभे राहिले. काही वेळाने बरोबर राष्ट्रगीत लागलं तेव्हा त्यांनी छातीवर हात ठेवले, आणि मग जाऊन सामना ९०-७९ असा जिंकला. पुढे अमेरिकेकडून आणि सर्बियाकडून हरले, बाद फेरीत गेले नाहीत. त्या एका विजयासाठी मी वर्षातली बाकी सगळी विजेतेपदं बाजूला ठेवीन.

* * *

दक्षिण सुदानला +१. त्याच गटसाखळीत ३० जुलैला फ्रान्स-जपान झाला तो कोणी पाहिला का? मी उंचीने कमी, पॉइंट गार्ड (चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा) म्हणून खेळायचो, म्हणून माझा जीव जपानच्या युकी कावामुरात अडकलेला. ५ फूट ८ इंचांचा तो पोरगा समोर ७ फूट ४ इंचांचा वेम्बन्यामा असताना आत घुसत होता, थांबत होता, मागे सरकून मारत होता. २९ गुण! रुई हाचिमुराला बाहेर जावं लागलं तरी जपान शेवटच्या सोळा सेकंदांत चार गुणांनी पुढे. तिथे फ्रान्सच्या स्ट्राझेलने थ्री मारला आणि कावामुराच्या हातावर फाउल मिळवला. चार गुण, बरोबरी, जादा वेळेत फ्रान्स ९४-९०. रिप्लेत मला तरी हात लागलेला दिसत नाही. फ्रान्सने त्या सामन्यातून सुटका करून घेतली नसती तर पुढचं रौप्य कुठून आलं असतं?

* * *

क्लबच्या बास्केटबॉलबद्दलही लिहा की कोणीतरी. मीच लिहितो. अथेन्सचे पानाथिनाइकोस आधीच्या मोसमात युरोलीगच्या अठरा संघांत सतरावे होते. मग एर्गिन अतामान प्रशिक्षक म्हणून आले. अनादोलू एफेसला त्यांनी लागोपाठ दोनदा युरोलीग जिंकून दिली होती. आणि कोस्तास स्लुकास आला, तोही थेट ऑलिम्पियाकोसमधून. अथेन्समधलं या दोन क्लबांचं हाडवैर ज्यांना माहीत आहे त्यांना यातली आग कळेल.

बर्लिनमध्ये २६ मे रोजी रेआल माद्रिदसमोर ते पहिल्या क्वार्टरमध्ये पार मागे पडले. मी तिथे होतो, हिरव्या झेंड्यांच्या मधोमध. एकाचाही आवाज कमी झाला नाही. दुसऱ्या अर्ध्यात माद्रिदला रिंगपर्यंत वाटच मिळेना. ९५-८०. स्लुकासचे २४ गुण. २०११ नंतरचं पहिलं, एकूण सातवं विजेतेपद. एनबीएच्या सामन्यांना आवाज यंत्रातून येतो, इथे तो छातीतून येतो, आणि ज्यांना जमेल त्यांनी एकदा तरी हा अनुभव घ्यावाच.

* * *

बोस्टनवाले कोणी नाहीत का इथे? एनबीएच्या अंतिम मालिकेत सेल्टिक्सनी डॅलसला ४-१ हरवून अठरावं विजेतेपद घेतलं आणि लेकर्सच्या एक पाऊल पुढे गेले. मालिका तशी एकतर्फीच, त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. चौथ्या सामन्यात डॅलसने १२२-८४ असं झोडपलं तेवढाच खंड. पाचव्यात मध्यंतराच्या बझरला पेटन प्रिचर्डने अर्ध्या मैदानातून घातला तिथे संपलंच. मला आनंद झाला तो अल हॉरफर्डसाठी. सतरा मोसम, वय ३८, आणि विजेत्याची पहिली अंगठी.

सेल्टिक्सच्या जेसन टेटमचं मात्र वाईट वाटलं. जूनमध्ये विजेता, आणि ऑलिम्पिकमध्ये सर्बियाविरुद्धच्या दोन्ही सामन्यांत एक मिनिटही नाही. तोंडातून तक्रार काढली नाही त्याने. सुवर्ण घेऊन परत आला.

* * *

माझा अनुभव सप्टेंबरचा. पॅरालिम्पिकमधला व्हीलचेअर बास्केटबॉल, तेच बेर्सी अरेना. मी स्वतः व्हीलचेअरवर खेळतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. रिंगची उंची तीच, ३.०५ मीटर. मैदान तेच. चेंडू मांडीवर ठेवून चाकांना सलग दोनदाच ढकलता येतं, मग ड्रिबल किंवा पास करावाच लागतो. प्रत्येक खेळाडूला त्याच्या हालचालीच्या क्षमतेनुसार १ ते ४.५ गुणांक असतो आणि मैदानावरच्या पाच जणांची बेरीज १४ च्या वर जाऊ शकत नाही. प्रशिक्षकाचं खरं कौशल्य या बेरजेत असतं. उंच, ताकदीचा खेळाडू आत आणला की दुसरीकडे कमी गुणांकाचा आणावाच लागतो, आणि तो कमी गुणांकाचा खेळाडूच बहुतेक वेळा सामना घडवतो. आपली खुर्ची आडवी घालून बचावपटूला अडकवतो, म्हणून मागच्याला मोकळा शॉट मिळतो. गुणपत्रकात त्याच्या नावापुढे शून्य दिसतं.

पुरुषांच्या अंतिम सामन्यात अमेरिकेने ग्रेट ब्रिटनला ७३-६९ हरवलं, सलग तिसरं सुवर्ण. महिलांमध्ये नेदरलँड्सने अमेरिकेला ६३-४९. डच मुलींचा बचाव पाहताना मी वहीत टिपणं काढत होतो. खुर्ची वळवण्यासाठी त्या चेंडूची वाट बघत नव्हत्या. समोरची कुठे पाहतेय त्यावरून आधीच वळत होत्या. आमच्या संघाने त्यानंतर सरावात तेच सुरू केलंय. आठवड्यातला एक दिवस चेंडूशिवाय, नुसतं खुर्च्या अडवणं आणि सोडवणं. पोरं सुरुवातीला कुरकुरली, आता तोच दिवस मागतात.