अनुभव धागा: सायकलवर लादलेल्या बिऱ्हाडात चांगली कॉफी कशी जमवता?

पहाटफेरी

आज माळ्यावरचं सामान उतरवताना जुन्या हँडलबार बॅगेच्या आतल्या कप्प्यात एक छोटी डबी सापडली. झाकण काढलं तर कॉफीचा वास. शिळा, विरलेला, पण ओळखीचा. आणि एकदम एक खिंड आठवली.

रात्रभर वारा होता, तंबू ओला, बोटं आखडलेली. शेजारी आणखी एक सायकलवाला उतरला होता. त्याची भाषा मला येत नव्हती, माझी त्याला नाही. त्याच्याकडे टायटॅनियमचा एक मग, एक चमचा आणि हातानं फिरवायचा ग्राइंडर, बस्स. गाळणी नाही, कागद नाही. त्यानं बिया दळल्या, मगात टाकल्या, उकळी बसलेलं पाणी ओतलं आणि झाकण ठेवून शांत बसला. चारेक मिनिटांनी वर जमलेला थर चमच्यानं मोडला, फेस काढून टाकला आणि पुन्हा थांबला. गाळ आपोआप खाली बसला. अर्धी कॉफी त्यानं माझ्या मगात ओतली. इतकी स्वच्छ चवीची कॉफी मी त्याआधी उघड्यावर प्यायले नव्हते.

पुढे वाचनात आलं की कॉफीची पारख करणारे व्यावसायिक चाखणारे नेमकं हेच करतात. १५० मिली पाण्याला ८.२५ ग्रॅम कॉफी, वर गरम पाणी, सुमारे ४ मिनिटांनी थर मोडायचा, फेस काढायचा, चमच्यानं चाखायची. जगातल्या उत्तमोत्तम कॉफ्यांची किंमत ज्या चवीवर ठरते त्या चवीत गाळणीच नसते! तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. वजन वाहायचंच तर ते ताज्या बियांचं आणि ग्राइंडरचं वाहावं. बाकी काम एक साधा मग करतो.

तुम्ही काय नेता, काय घरी ठेवता? सविस्तर लिहा. आठवणी तर हव्याच.

दोनचाकी

एरोप्रेस. विषय संपला :)

मंदआच

दोनचाकी, विषय एवढ्यात नको संपवूस, मला तर आत्ताच सुरू झाल्यासारखा वाटतोय. एरोप्रेस (नळीत कॉफी आणि गरम पाणी घालून दट्ट्यानं दाबून गाळायचं साधन) माझीही लाडकी. तिचा जन्मदाता अ‍ॅलन अ‍ॅडलर हा लांब उडणाऱ्या फेकचकत्या बनवणारा माणूस, २००५ मध्ये त्यानं ही आणली. प्लॅस्टिकची, फुटत नाही, हलकी. आणि धुवायला जवळजवळ पाणीच लागत नाही, दाबलं की चोथ्याची घट्ट वडी बाहेर पडते. पाणी मोजून वापरायच्या ठिकाणी हा गुण चवीइतकाच मोलाचा. काही बारीक ग्राइंडर तिच्या दट्ट्याच्या पोकळीत बरोब्बर बसतात, म्हणजे दोन वस्तूंची एकच जागा. फ्रेम बॅगेत जागा ही वजनाहून महाग असते हे ज्यानं भरलीय त्यालाच कळतं.

पण पहाटफेरी म्हणतेय ते खरं आहे. दळण चांगलं नसेल तर एरोप्रेस काय करणार?

चिखलगाडा

खिंडीचा किस्सा वाचून अंगावर काटा आला. भाषा न येता कॉफी वाटून घेणं... व्वा

निळी_बाटली

आमच्याकडे स्टोव्हच नसतो. रात्री झोपताना पाण्याच्या बाटलीत भरड दळलेली कॉफी टाकायची, बाटली तंबूत घ्यायची, सकाळी रुमालातून गाळायची. बारा तास मिळाले तर छानच, आठ तासांतही पिण्याजोगी होते. आंबटपणा कमी, कडवटपणा कमी. लिटरला मी ७० ग्रॅम टाकते कारण थंड पाण्यात अर्क हळू उतरतो. गॅस नको, काडेपेटी नको, उठल्याबरोबर घोट. उन्हाळ्यातल्या सफरीत याला तोड नाही.

बाटली मात्र वेगळी ठेवा, कॉफीचा वास जात नाही. माझ्या निळ्या बाटलीवर काळ्या पट्टीची खूण आहे.

शिट्टी

थंड कॉफी?? सकाळी सहाला?? बोटं आखडलेली असताना?? ताई तुम्हाला साष्टांग नमस्कार

निळी_बाटली

उन्हाळ्यात म्हटलंय हो :D थंडीत मी पण मंदआचच्या दारात मग घेऊन उभी.

उताराची_ओढ

उंचीबद्दल कुणी लिहिलं नाही अजून म्हणून लिहितो. दर ३०० मीटर चढलं की पाणी साधारण १ अंश कमी तापमानाला उकळतं. ३००० मीटरवर उकळतं पाणी म्हणजे ९० अंश, ४५०० ला ८५ च्या आसपास. घरी आपण उकळी बसू द्या म्हणतो, तिथे उकळी बसू द्यायची नाही. खदखदतं पाणी थेट कॉफीवर. कॉफीचा मग आधी गरम पाण्यानं शेकून घ्या, दळण एक दोन खुणा बारीक करा, झाकण घट्ट ठेवा, एखाद मिनिट जास्त द्या. फिक्या भाजणीच्या बियांचा अर्क उंचावर अर्धवटच उतरतो, कॉफी आंबट लागते. उंचावर जायचं असेल तर मी मध्यम किंवा थोडी गडद भाजणी नेतो, ती कमी तापमानातही चव सोडते.

आणि गॅस. थंडीत नुसत्या ब्युटेनच्या डबीवर विसंबू नका, ते उणे ०.५ अंशाला वायू होणंच थांबवतं. आयसोब्युटेन उणे १२ पर्यंत चालतं, प्रोपेन उणे ४२ पर्यंत. डबीवर मिश्रण लिहिलेलं असतं ते वाचून घ्या. रात्री डबी झोपण्याच्या पिशवीत पायाशी घ्या, सकाळी ज्योत पहिल्या झटक्यात उभी राहते.

रानपाखरू

+१ पायाशी डबी. आमच्या ह्यांच्या पायाशी डबी, ग्राइंडर, फोनची बॅटरी, ओले मोजे, सगळं असतं. माणूस मावतो हेच नवल

चिखलगाडा

ओले मोजे पिशवीत?? वाळतात का तसे? माझे कधीच वाळत नाहीत

रानपाखरू

लोकरीचे असले तर बऱ्यापैकी. पिळून, कोरड्या टॉवेलात गुंडाळून त्यावर उभं राहायचं आधी. मग आत. सुती असतील तर नाद सोडा.

कपबशी

मी सायकलवाली नाही, माझा मुलगा सायकलवाला आहे. तो सफरीवर गेलाय म्हणून मी हा धागा वाचतेय, म्हणजे तो काय करत असेल ते कळेल :) एकच विचारते, तंबूच्या आत स्टोव्ह लावत नाहीत ना तुम्ही?

उताराची_ओढ

काकू, अजिबात नाही, आणि तुम्ही विचारलंत ते फार बरं झालं. बंद तंबूत ज्योत म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, विषारी वायू, त्याला वास नाही, रंग नाही. पाऊस असला तरी बाहेर, आडोशाला. दुसरं म्हणजे डबीवर बसणाऱ्या स्टोव्हला चारी बाजूंनी वाऱ्याचा पडदा लावायचा नाही, उष्णता अडकून डबीच तापते. वारा येतो त्या एका बाजूला सायकल आडवी घालायची, तिच्यामागे बॅगा रचायच्या. मुलाला एवढं नक्की सांगा.

कपबशी

सांगते. जीव भांड्यात पडला.

मंदआच

स्पिरिटचा स्टोव्ह वापरणाऱ्यांसाठी मीही जोडतो. उन्हात त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही. विझली असं समजून वरून स्पिरिट ओतायचं नाही, कधीच नाही. हाताचा तळवा लांबून धरून धग बघायची, भांडं पूर्ण गार झाल्यावरच भरायचं. बाकी स्टोव्ह गोड आहे, आवाज नाही, बिघडायला काही नाही. अर्धा लिटर पाण्याला २० ते २५ मिली पुरतं, वारा नसेल तर. विमानानं जाणाऱ्यांना तो सोयीचा, गॅसची डबी विमानात चालत नाही आणि उतराल तिथे आपल्या स्टोव्हच्या आट्यांना बसणारी डबी मिळेलच असं नाही. स्पिरिटही विमानात नेता येत नाही, पण बहुतेक ठिकाणी मिळून जातं.

दोनचाकी

बरं, मी आता नीट लिहितो, मघाशी भाजी चिरत होतो.

गेली काही वर्षं एकटा जातो. एकट्या माणसाच्या दिवसाला आकार लागतो. पॅडल मारत राहिलं की तास एकमेकांत मिसळतात, कुठे थांबायचं कळत नाही. मी दुपारी दोनच्या सुमाराला कॉफीसाठी थांबतो, सावली असो नसो. बिया दळायला दीडेक मिनिट लागतं, तेवढ्यात पाणी तापतं. त्या दीड मिनिटात श्वास खाली येतो, मांड्या सैल होतात, नकाशा नीट दिसायला लागतो. पुढचा चढ आज करायचा की उद्या, हा निर्णय मी नेहमी कॉफीनंतर घेतो आणि तो बरोबर निघतो. ग्राइंडरचं वजन पाव किलोच्या वर आहे म्हणून मित्र ओरडतात. मी टायर हलके घेतो, कपडे कमी घेतो, ग्राइंडर सोडत नाही.

संध्याकाळी उशिरा मात्र घेत नाही. कॅफीन अर्धं उतरायलाच पाचेक तास लागतात, आणि दिवसभर चालवल्यावर झोपेला धक्का लागलेला परवडत नाही.

शिट्टी

"नकाशा नीट दिसायला लागतो" अगदी अगदी

सुटसुटीत

ग्राइंडरच्या बाजूनं एवढे लोक आहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. मी लांब पल्ल्याच्या, वेळ लावून करायच्या सफरी करतो. तिथे पाव किलो म्हणजे खूप. घरी चांगल्या ग्राइंडरवर दळून १५-१५ ग्रॅमच्या पुड्या बांधतो, हवा काढून सीलबंद. पहिले तीन चार दिवस चव जवळजवळ ताज्यासारखी, नंतर उतरते हे मान्य. मग शेवटच्या दिवसांसाठी चांगल्या प्रतीची इन्स्टंट. गोठवून कोरडी केलेली इन्स्टंट आता खरंच चांगली मिळते, एका कपाला दोन अडीच ग्रॅम! चोथा नाही, धुणं नाही.

हिशोब असा की २५० मिलीला १५ ग्रॅम, रोज दोन कप, आठवड्याला २१० ग्रॅम कॉफी. त्यात ग्राइंडर मिळवा आणि मग ठरवा.

पहाटफेरी

सुटसुटीत, राग कसला! तुमच्या सफरींना तेच योग्य. फक्त पुड्या मोठ्या बांधू नका असं मी म्हणेन, एक कप एक पुडी. मोठं पाकीट रोज उघडलं की रोज नवी हवा आत जाते आणि वास उडतो. बियांचा वास टिकतो तो बी अखंड असते म्हणून. दळलं की तासातासाला फरक पडतो. ताज्या दळणावर पाणी पडलं की ते फुगून वर येतं, बुडबुडे सुटतात, तो भाजताना आत अडकलेला कार्बन डायऑक्साइड. जुन्या पुडीवर पाणी ओतून बघा, ती तशीच पडून राहते.

चोथापाणी

चोथ्याचं काय करता सगळे? मला हे फार मनापासून विचारायचंय कारण मुक्कामाच्या जागी दगडाआड काळे ढीग बघितलेत. कॉफी वनस्पतीच आहे, जिरेल, असं लोक म्हणतात. पण त्या जागची नाही ना ती. प्राणी वासानं येतात. मी पिशवीत भरून परत आणते. कागदी गाळणीतला चोथा रात्रभर पसरून वाळवला की वजन निम्म्याहून कमी होतं. धुण्याचं पाणीसुद्धा ओढ्यापासून ६० मीटर तरी लांब टाकावं.

मंदआच

चोथापाणी, शंभर टक्के. पातळ कापडी गाळणी असेल तर ती त्याच दिवशी धुवून बॅगेवर बाहेर बांधायची, ओली गुंडाळून ठेवली तर बुरशीचा वास धरते. कागदाचा फायदा हाच, धुणं नाही, शिवाय तेल अडवतो, कप हलका लागतो. कागदी गाळणीचं श्रेय मेलिटा बेंट्झ या गृहिणीला, १९०८ मध्ये तिनं पितळी भांड्याला भोकं पाडून मुलाच्या वहीतला टिपकागद वापरला. म्हणजे हा शोधच घरात हाताशी असलेल्या वस्तूंतून लागलेला आहे. आपणही तेच करतोय, फक्त घर सायकलवर बांधलंय.

मोकाट

मोका पॉट (आचेवर ठेवलं की वाफेच्या दाबानं खालचं पाणी कॉफीतून वर चढवणारं भांडं) नेणारं कुणीच नाही का? मी एकटाच? :) एका कपाचा छोटा अ‍ॅल्युमिनियमचा नेतो. आल्फोन्सो बियालेत्तीनं १९३३ मध्ये आणला तेव्हापासून रचना तीच, म्हणजे काय ते समजा. दाट, तिखट, दोन घोट. आच अगदी मंद ठेवायची आणि खळखळ सुरू झाली की लगेच उतरवायचा, नाहीतर शेवटचं पाणी करपट येतं. पोकळ जागा वाया घालवत नाही, आत कॉफीची पुडी बसते. स्टोव्हच्या पायांवर डगमगतो म्हणून वर एक जाळी ठेवतो.

शिट्टी

मोकाट भाऊ खडखडत नाही का हो खराब रस्त्यावर? माझा मग आणि त्यातली गॅसची डबी दिवसभर घंटा वाजवतात, डोकं उठतं

मोकाट

रुमालात गुंडाळून. तुमच्या डबीभोवती हातपुसणं गुंडाळा आणि मग मगात घाला. झाकणाला जुन्या ट्यूबची कापलेली चकती लावा, घट्ट बसतं.

रानपाखरू

ट्यूबच्या चकत्या जिंदाबाद!! आम्ही ग्राइंडरचा दांडाही त्यानंच बांधतो, आणि मगाला दोन चकत्या घातल्या की ओठाला लावेपर्यंत बोटं भाजत नाहीत. फक्त मग आचेवरून उतरल्यावर घालायच्या, आधी घातल्या तर रबर वितळतं.

दोनचाकी

डबीत गॅस किती उरला हे कसं बघता? हलवून मला कधीच कळत नाही

उताराची_ओढ

पाण्यात तरंगत सोड. भरलेली खोल बुडते, रिकामी वर राहते. घरी नवी डबी तरंगवून पाण्याच्या रेषेशी खूण कर, संपलेली तरंगवून दुसरी खूण कर, मधलं अंतर म्हणजे तुझा काटा. त्याच आकाराच्या त्याच कंपनीच्या पुढच्या डब्यांना चालतं. छोट्या १०० ग्रॅम गॅसच्या डबीत वारा नसताना अर्धा लिटर पाणी दहाबारा वेळा तरी उकळतं, फक्त कॉफी करणार असशील तर आठवडा आरामात.

कपबशी

मुलाचा फोन आला होता. स्टोव्ह बाहेरच लावतो म्हणाला. आणि ग्राइंडर घरी राहिलाय, कपाटात आहे, बिया तशाच घेऊन गेलाय. आता तो काय करेल हो?

पहाटफेरी

काकू, काळजी नको. बिया जाड रुमालात बांधायच्या, सपाट दगडावर ठेवायच्या आणि दुसऱ्या दगडानं आधी ठेचून मग दाबून घासायच्या. भरड होईल, एकसारखी नाही होणार. मग पाणी उकळतं घ्यायला सांगा, कॉफी नेहमीपेक्षा दीडपट घालायची आणि सहा सात मिनिटं झाकून ठेवायची. चव येते. रुमाल घामाचा नसावा एवढं बघायला सांगा.