प्लेअरसाठी कानात बसणारे इअरफोन: डब्यावरचं काय बघायचं?

खर्जप्रेमी: ३.५ मिमी जॅकच्या छोट्या प्लेअरला घ्यायचेत. कोणते आकडे बघू? आणि काही जोड्यांत बेस एवढा पातळ का लागतो?

कानसेन: बहुतेक वेळा टिप, म्हणजे कानात जाणारी मऊ टोपी, सैल असते. फट राहिली की खर्ज आधी गळतो. प्रत्येक कानाला वेगळं माप लावून पाहा. दोन्ही कान सारखे असतीलच असं नाही. फोमची टिप चिमटीत दाबून घाला, फुगेपर्यंत धरून ठेवा.

तारवाला: आकड्यांत इंपिडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा विद्युत अडथळा, ओहममध्ये. १६ ते ३२ ओहमचे इअरफोन छोट्या प्लेअरवर आरामात वाजतात. प्लेअरचा स्वतःचा (आउटपुट) इंपिडन्स इअरफोनच्या एक-अष्टमांशाच्या आत हवा, म्हणजे १६ ला २ ओहम. जास्त असला तर बॅलन्स्ड आर्मेचरवाल्यांत (आवाज काढणाऱ्या भागाचा एक छोटा प्रकार) आवाजाचा पोतच बदलतो. सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच सिग्नलवर आवाज किती मोठा येतो ते) फार असेल तर शांत जागी सळसळ ऐकू येते. २० ते २०,००० हर्ट्झ ही आवाजाची पट्टी सगळेच छापतात, सोडून द्या.

खर्जप्रेमी: आणि वायर?

कानसेन: सुटी होणारीच घ्या, तुटते ती प्लगपाशी. ०.७८ मिमी दोन पिनची असेल तर सरळ ओढा. पिळलीत की पिन वाकलीच.

तारवाला: एक बाजू मंद झाली तर आधी जाळीवरचा मळ बघा. जाळी खाली धरून कोरड्या ब्रशने झाडा. लोक उगाच ड्रायव्हर (आतला आवाज काढणारा भाग) गेला म्हणून नवी जोडी घेतात.