‘डर’ थिएटरात पाहिलेल्यांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्या फिल्म क्लबात पुढच्या महिन्यात यश चोप्रांच्या ‘डर’वर चर्चा आहे आणि सुरुवात माझ्या गळ्यात पडली आहे. सिनेमा आला डिसेंबर १९९३ मध्ये, तेव्हा मी पाळण्यात होते. म्हणून तुम्हाला साकडं.

राहुल (शाहरुख खान) किरणचा (जुही चावला) पिच्छा पुरवतो, फोनवर ‘क... क... किरण’ करतो, चाकूनं स्वतःच्या छातीवर तिचं नाव कोरतो. तरी लोकांनी डोक्यावर घेतला तो राहुललाच! नायक सनी देओल, पण भाव खाऊन गेला शाहरुख. सनीनं पुढे मुलाखतींत याबद्दल उघड नाराजीही व्यक्त केली.

याउलट हॉलिवूडचा ‘फेटल अ‍ॅट्रॅक्शन’ (१९८७). तिथे मागे लागणारी बाई. चाचणी खेळांत प्रेक्षकांना मूळ शेवट पटेना, म्हणून तिला बाथरूममध्ये मारणारा नवा शेवट चित्रित केला. पुरुषाबद्दल हळहळ आणि बाईचा मात्र जीवच हवा, असं मला वाटतं. (एकांगी वाटलं तर खुशाल खोडून काढा.)

तर सांगा: शिट्ट्या नेमक्या कुठे पडायच्या? राहुल मरतो तेव्हा टाळ्या, की चुकचुकणं? सोबतच्या मैत्रिणी, बहिणी बाहेर पडताना काय बोलत होत्या? नंतर कॉलेजच्या कट्ट्यावर तो ‘क... क...’ ऐकावा लागलेल्या कुणी असतील तर त्यांचा अनुभव मला सर्वांत आधी हवा आहे. त्या वेळच्या मराठी परीक्षणाचं कात्रण कुणाकडे असेल तर फोटो टाका, आणि गाव नि थिएटरचं नाव जरूर लिहा.